चौकटीबाहेरचा स्क्रू

१

एबो सॅकीची लॅपटॉप उघडायची एक रीत होती, आणि त्या रीतीपायी ताकोराडीच्या बाजारात त्याची भरपूर थट्टा व्हायची. मशीन समोर आलं की तो आधी दुधाच्या डब्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घ्यायचा, त्यावर पेनाने लॅपटॉपची चौकट काढायचा, आणि जो स्क्रू जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर बरोब्बर तिथेच टोचून उभा करायचा. डाव्या कोपऱ्यातला डाव्या कोपऱ्यात, बॅटरीखालचा बॅटरीखाली. बाकीचे कारागीर सगळे स्क्रू एका बशीत ओततात आणि शेवटी दोन-तीन उरले की गिऱ्हाइकाची नजर चुकवून खिशात टाकतात. एबोकडे स्क्रू कधी उरला नव्हता.

"तू बायको आणलीस ना, तर तिचीसुद्धा आधी चौकट काढशील," शेजारी पत्र्याखाली मोबाइलची कव्हरं विकणारी एफुआ म्हणायची.

"तुझी काढायची म्हटली तर एवढा मोठा पुठ्ठा कुठून आणू?" एबो म्हणायचा. मग एफुआ पायातली चप्पल उगारायची. असे त्यांचे दिवस चालले होते.

हरमॅटनचे दिवस होते. उत्तरेकडचा कोरडा वारा धूळ घेऊन उतरला होता, लोकांचे ओठ फुटले होते, लाकूड आकसून दारं-खिडक्या कुरकुरत होत्या. अशातच एका सकाळी आराबा आंटी काळ्या कपड्यांत टपरीच्या दारात उभ्या राहिल्या. काखेत कापडात गुंडाळलेला लॅपटॉप होता.

"दार लोटून घे जरा," त्या म्हणाल्या.

"आंटी, दार लोटलं तर आपला दोघांचा उकडून मक्याच्या पिठाचा केंके होईल."

"होऊ दे. मला कुणी बघायला नको."

लॅपटॉप त्यांच्या नवऱ्याचा होता. एग्या एशुन, चर्चच्या गायकवृंदाचे मास्तर, नुकतेच वारले होते, आणि शनिवारी दफन होतं. पोरपणी एबोचा आवाज फुटला तेव्हा बाकीची पोरं फिदीफिदी हसली होती. एग्यांनी मात्र त्याला बाहेर न काढता एक बंद पडलेला लाउडस्पीकर त्याच्या हातात दिला होता. म्हणाले, "तुला गाता येत नाही ना? मग याला गायला लाव." एबो कारागीर झाला तो तिथून.

"यात ह्यांचा आवाज आहे," आंटी म्हणाल्या. "आजारपणात स्वतःच स्वतःची गाणी भरून ठेवली. म्हणाले, माझ्या जागरणाला दुसऱ्या कुणी घसा फाडायचा नाही, मीच गाणार. आणि आता हे सुरूच होत नाही."

"होईल की. त्यात काय."

"ऐक नीट." त्यांनी एबोचं मनगट धरलं. "आमच्यातली रीत तुला माहीत आहे. नवऱ्याचं सगळं त्याच्या बहिणीच्या मुलांचं. दफन होऊन वाटणी होईपर्यंत खोलीला कुलूप, बायकोने चमचासुद्धा हलवायचा नाही. घराण्याच्या प्रमुखांनी, नाना बेन्टिलनी, सगळ्यांसमोर कुलूप काढून एवढं एकच माझ्या हातात दिलंय. यातलं काही इकडचं तिकडं झालं, तर म्हणतील आराबाने वाटणीआधीच विकून खाल्लं. चटईसकट बाहेर काढतील मला, एबो."

"आंटी, माझ्यावर सोडा."

"तुझ्यावर म्हणूनच आणलं. हे म्हणायचे, त्या पोराचा हात स्वच्छ आहे."

२

चार्जिंगचा सॉकेट गेला होता. काम अगदीच किरकोळ. एबोने पुठ्ठा घेतला, वर 'एशुन' असं लिहिलं, चौकट काढली आणि एकेक स्क्रू टोचत मशीन उघडलं.

आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. मोठ्या, नव्याकोऱ्या. लंडनच्या कुणा भाच्याने धाडलेलं मशीन असणार, तशा पट्ट्या ताकोराडीच्या दुकानांत शोधून सापडत नव्हत्या. आणि डेला नावाची एक विद्यार्थिनी नेमक्या तसल्याच पट्ट्यांसाठी रोज एबोचं डोकं खात होती.

खोटं कशाला बोला, एबोने फार विचार केला नाही. केला असता तर झालंच नसतं. बाजारात असं सर्रास चालतं, आणि गाणी ऐकायला एवढी मेमरी लागतेच कुठे! जुन्या लहान पट्ट्या बसवल्या तरी मशीन चालणार. थोडं हळू चालेल इतकंच.

"मेलेल्या माणसाला घाई कसली?" तो स्वतःशीच पुटपुटला आणि हसला.

हसला खरा, पण ते वाक्य स्वतःच्या कानावर पडलं आणि त्याचे कान तापले. टपरीत दुसरं कुणी नव्हतं तरी त्याने मान खाली घातली. डेला आली, पट्ट्या घेऊन नाचत गेली. तिच्याकडे त्याने नीट बघितलंसुद्धा नाही.

३

दुपारी मशीन बंद करायला घेतलं. पुठ्ठ्यावरचा एकेक स्क्रू उचलायचा, त्याच्या भोकात बसवायचा. शेवटचा बसला, सगळी भोकं भरली.

आणि पुठ्ठ्यावर एक स्क्रू उभा होता.

तो चौकटीच्या आतसुद्धा नव्हता. बाहेर, खाली डाव्या अंगाला, चांगला खोल टोचलेला. एबोने लॅपटॉप उलटासुलटा केला, भोकं पुन्हा तपासली. एकही रिकामं नव्हतं. स्क्रू उपटून बघितला तर जाडजूड, लाकडाला लावतात तसला, आणि माथ्यावर निळा रंग.

"अगं एफुआ, हा तू टोचलास का?"

"मला दुसरी कामं नाहीत का रे?" ती पलीकडून ओरडली. "आणि तुझं दार बघ आधी. लोंबतंय."

टपरीच्या निळ्या दाराची खालची बिजागरी सुटली होती. स्क्रू तिचाच होता. एबोला हायसं वाटलं. हरमॅटनमध्ये लाकूड आकसतं, स्क्रू ढिले होतात, त्यातला एखादा गळून पडतो. कामाच्या नादात आपणच उचलून सवयीने टोचला असेल. हात आपला आपण चालतो. त्याने बिजागरी घट्ट करून टाकली.

एक गोष्ट मात्र त्याला नीट लागत नव्हती. दार त्याच्या पाठीमागे होतं, आणि कामाला बसल्यापासून तो जागचा उठलाच नव्हता.

लॅपटॉपचा दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मशीन पुन्हा उघडलं. तोच पुठ्ठा, तीच भोकं. या खेपेला तो प्रत्येक स्क्रू टोचताना मोठ्याने बोलत होता, वेड्यासारखा. "हा बिजागरीचा. हा मधला. हा पंख्याशेजारचा." जुन्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, बसवल्या. काही उपयोग होईना. त्या पट्ट्या चांगल्या होत्या हे त्याला ठाऊक होतं; काल दुसऱ्या मशीनमध्ये चालल्या होत्या. इथेच तेवढं त्यांना काय झालं होतं?

मान वर केली तेव्हा चौकटीबाहेर उजवीकडे एक बोल्ट उभा होता. लांब, गंजलेला, खाली वायसर अडकलेला. टोचताना पुठ्ठा कराकरा वाजला असता एवढा जाड. एबोला काही ऐकू आलं नव्हतं.

ऐकू आलं ते त्यानंतर. उजवीकडून, भिंतीपलीकडून, आधी पत्रा घसरल्याचा आवाज आणि पाठोपाठ एफुआची किंकाळी.

तो धावला. एफुआच्या डोक्यावरचा पत्रा एका बाजूने खाली आला होता. कपाळ फाटून डोळ्यात रक्त उतरलं होतं, आणि ती कव्हरं गोळा करत शिव्या घालत होती. लोक म्हणाले, हरमॅटन. लोक म्हणाले, दरवर्षीचंच आहे. कुणीतरी पत्रा उचलला, कुणी बोल्ट शोधू लागलं.

"बोल्ट गेला कुठं मेला?" एफुआ म्हणाली. "आत्ता तर होता."

बोल्ट एबोच्या मुठीत होता. त्याने हात मागे घेतला आणि तोसुद्धा सगळ्यांबरोबर वाकून जमिनीवर शोधू लागला. शोधता शोधता त्याला स्वतःची किळस आली. सांगायचं तरी काय होतं? माझ्या पुठ्ठ्यावर उगवला म्हणून? कुणाचाही विश्वास बसला नसता. हे खरंच होतं, आणि त्याच्या फार सोयीचंही होतं.

टपरीत परत येऊन त्याने पुठ्ठा समोर धरला. मधोमध लॅपटॉपची चौकट. तो बसतो त्याच्या पाठीमागे, डाव्या अंगाला दार. पुठ्ठ्यावर खाली डावीकडे कालचं भोक. उजवीकडे भिंतीपलीकडे एफुआ. पुठ्ठ्यावर उजवीकडे आजचं भोक.

पुठ्ठ्यावर चौकटीबाहेर अजून पुष्कळ कोरी जागा होती.

५

माणूस घाबरला की खरं बोलतो म्हणतात. एबोने आधी दुसरा मार्ग शोधला. डेलाला फोन लावला, पट्ट्यांत दोष आहे, बदलून देतो अशी थाप मारली.

"दोष? अहो, मशीन पळतंय नुसतं!" ती खिदळली. "आणि मी तामालेच्या गाडीत बसलेय. महिन्याने येईन."

फळीवर एका पाद्रीसाहेबांचा लॅपटॉप दुरुस्त होऊन पडला होता. त्यातही तेवढ्याच पट्ट्या होत्या. एबोने त्या काढल्या. आपण काय करतोय हे त्याला लख्ख कळत होतं, आणि तरी हात थांबले नाहीत. एक भोक बुजवायला दुसरं पाडायचं; उद्या पाद्रीसाहेबांचं बघू, तो म्हणाला, आधी हे तर मिटू दे.

आणि मशीन सुरू झालं. पडदा उजळला, एग्यांची गाण्यांची यादी समोर आली. एबोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने भराभरा स्क्रू लावले, सगळे लागले, आणि मग धीर करून पुठ्ठ्याकडे बघितलं.

अगदी वर, दूरच्या कोपऱ्यात, एक उभा होता.

बोटाएवढा लांब. चकचकीत पांढरा, गंजाचा ठिपका नाही, माथ्यावर सहा कोनांचा खड्डा. असला स्क्रू कुठल्या लॅपटॉपात बसत नाही, दारात नाही, पत्र्यात नाही. त्याने तो उचलला आणि झटक्यात खाली टाकला. स्क्रू गरम होता. उन्हातल्या लोखंडासारखा नाही. अंगासारखा.

वर, दूरच्या कोपऱ्यात. टपरीतून त्या दिशेला टेकडी होती, टेकडीवर त्याचं घर, घरात आई. फोन वाजला तेव्हा तो आधीच स्क्रू खिशात टाकून उठून उभा होता.

६

आई पलंगावर आडवी होती, घामाने निथळत. शेजारच्या दोघी बायका पंख्याने वारा घालत होत्या. तिची मांडी फार पूर्वी खचाखच भरलेल्या ट्रोट्रो गाडीतून उतरताना मोडली होती. आत पट्टी घालून स्क्रूने जोडली होती, आणि त्याच पायावर तिने इतकी वर्षं डोक्यावर मासळीचं घमेलं घेऊन धंदा केला होता.

"पडलीस का कुठे?"

"कशाला पडतेय? बसले होते, मासे साफ करत." तिने ओठ दाबले. "एबो, हसशील. आतून कुणीतरी फिरवल्यासारखं वाटलं रे."

"फिरवल्यासारखं म्हणजे?"

"तू स्क्रू काढताना फिरवतोस ना, तसं. सावकाश."

शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. टॅक्सी मिळाली की मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं ठरलं होतं, पण हलवायला गेलं की आई किंचाळत होती. डॉक्टरला इथेच आणायला एक जण गेला होता.

गादीखाली जुना एक्स-रे होता. एबोने तो खिडकीशी उजेडात धरला. मांडीचं हाड, त्यावर पट्टी, पट्टीत ओळीने पांढरे स्क्रू. खिशातला स्क्रू त्याने चित्रावर ठेवला. वरून दुसऱ्यावर तो आट्यांसकट तंतोतंत बसला. चित्र आणि वस्तू वेगळी दिसेनात.

"काय बघतोस रे?" आईने विचारलं.

"काही नाही."

"तोंड का असं झालंय तुझं? कुणाचं काही घेतलंस का?"

ती सहज बोलली. मासळी विकणारीची सवय. लहानपणी त्याचं तोंड उतरलं की ती हेच विचारायची. पण एबोला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याला वाटलं तिच्या पायाशी बसावं आणि सगळं ओकून टाकावं. तो म्हणाला, "नाही गं. तुझीच काळजी."

बाहेर येऊन त्याने आराबा आंटींना फोन लावला. सांगून टाकायचं, एवढंच करायचं होतं. स्क्रू कुठून कसे येतात ते त्याला कळत नव्हतं, पण ते कुणाला धरून निघतात ते आता लहान पोरालाही कळलं असतं. दार त्याच्या भरवशावर उभं होतं, एफुआ त्याच्या भरवशावर शेजारी बसत होती, आई तर त्याच्याच जिवावर होती. त्याला स्वतःला मात्र कुठे ओरखडासुद्धा आला नव्हता.

"बोल बाळा," आंटी म्हणाल्या.

एबोने घराकडे पाठ केली. "मशीन तयार आहे," तो म्हणाला.

त्या रडू लागल्या. एकीकडे रडत होत्या, एकीकडे त्याला आशीर्वाद देत होत्या. एबो फोन कानाला लावून ऐकत राहिला.

७

सकाळी टॅक्सी टपरीसमोर थांबली. आराबा आंटी लगबगीने उतरल्या. मागून नाना बेन्टिल, घराण्याचे प्रमुख, काठी, काळं वस्त्र आणि गुडघे सांभाळत उतरायच्या खटपटीत होते. त्यांचे दोन भाचे त्यांना हात देत होते. एबोला तेवढीच फट मिळाली.

रात्रभर त्याने मनाशी घोकलं होतं. डॉक्टर येऊन गेला होता, आईला सुई देऊन गेला होता. म्हणाला, आतलं काहीतरी सरकलंय, उघडून बघावं लागेल, पण तिच्या वयाला उघडणं नको. बोललं की सगळं जागच्या जागी बसेल, असं एबोने धरून ठेवलं होतं. तेवढं एकच धरण्यासारखं राहिलं होतं.

"आंटी," तो कुजबुजला, "मी यातून मेमरी काढली. विकली. आत दुसऱ्या कुणाची बसवलीय. माझ्या हातून—"

आंटींचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांची बोटं त्याच्या दंडात रुतली.

"मी काही ऐकलं नाही."

"आंटी, मला सांगू द्या. सगळ्यांसमोर सांगतो. माझी आई—"

"एक अक्षर बोललास तर मी मेले," त्या दातांतून म्हणाल्या. "ते तुला नाही धरणार, मला धरतील. तूच विकलंस ते कोण मानणार? म्हणतील, हिने विकलं आणि पोराला पढवलं. चूप बस. एवढं तरी कर माझ्यासाठी."

नाना बेन्टिल आत आले. एफुआ कपाळाला पट्टी बांधून दाराशी टेकली, तिलाही गाणं ऐकायचं होतं. नाना स्टुलावर बसले, काठी गुडघ्यांत धरली. आधी पाणी झालं, विचारपूस झाली, मग त्यांनी एबोकडे पाहिलं.

"पोरा, वस्तू मेलेल्या माणसाची आहे. अजून वाटणी व्हायचीय. दिलं तेव्हा आत जे होतं, ते सगळं आत आहे?"

एबोने तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते, खरंच आले होते.

"काय विचारता नाना!" आराबा आंटी हसून मोठ्याने म्हणाल्या. "ह्यांच्या हाताखालचं पोर आहे ते. मेलेल्याच्या ताटातलं खाईल का? मी जामीन आहे त्याला. यातलं केसभर काही हललं असेल, तर माझा देह आहे समोर, त्यातून काढून घ्या."

"बघ हं आराबा," नाना म्हणाले. "तू बोललीस."

"बोलले."

नानांनी पुन्हा एबोकडे पाहिलं.

"सगळं आत आहे, नाना," एबो म्हणाला.

आणि त्याचा जीव भांड्यात पडला. हेच त्याला पुढे कधी स्वतःला माफ करता आलं नाही. टेकडीवर आई विव्हळत होती, समोर बाई स्वतःला गहाण टाकून बसली होती, आणि त्याला आत कुठेतरी गार, मोकळं वाटलं. बरं झालं, त्याच्या मनात आलं. बोलावं लागलं नाही.

त्याने बटण दाबलं. एग्यांचा घोगरा, थकलेला आवाज टपरीत भरला. आधी खोकले, मग सूर धरला. नानांनी डोळे मिटले. भाच्यांनी टोप्या काढल्या. आंटी स्टुलाशेजारी, उजव्या हाताला, छातीवर हात ठेवून डोलत होत्या, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या.

गाण्याच्या दोन ओळींमधे एग्या श्वास घ्यायला थांबले, तेव्हा एबोला उजव्या कोपराशेजारी बारीक आवाज आला. पुठ्ठ्यातून काहीतरी वर येत होतं, करकरत, सावकाश, एकेका आट्याने.

आंटींचं डोलणं थांबलं. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या आणि हात छातीवर जरा दाबून धरला.

एबोने मान वर केली नाही. सगळ्यांसारखीच खाली घालून तो गाणं ऐकत राहिला.